शुल्क गेलं, पेन्शन राहिली

विद्यापीठातून निवृत्त झालेल्या माणसाची पेन्शन नेमकी कुठून येते, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. महिना सरला की खात्यात पैसे पडतात, नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला द्यायचा, संपलं. म्हैसूर विद्यापीठाच्या निवृत्तांना मात्र हा प्रश्न गेली काही वर्षं चांगलाच पडलेला आहे. पेन्शन लांबते, थकते, आणि आयुष्यभर इतरांना शिकवलेली माणसं उतारवयात निवेदनं घेऊन दारोदार फिरतात. त्यांच्या गाऱ्हाण्याच्या मुळाशी गेलं की जे सापडतं ते थक्क करणारं आहे. या पेन्शनीचा एक मोठा आधार मंड्या, हासन, चामराजनगरच्या महाविद्यालयांतली मुलं दर सत्राला भरत असलेलं परीक्षा शुल्क हा होता.

म्हणजे हासनमधला एखादा बी.कॉम.चा मुलगा परीक्षेचा अर्ज भरतो, तेव्हा तो आपल्या उत्तरपत्रिकेच्या तपासणीचे पैसे देतोय असं त्याला वाटतं. त्यातलेच काही पैसे त्याच्या जन्माआधी निवृत्त झालेल्या, त्याने कधी न पाहिलेल्या एखाद्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकाच्या औषधांवर खर्च होत असतात.

हे असं का, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. 1857 साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. ती सुरुवातीला शिकवत नव्हती. शिकवायचं काम महाविद्यालयांचं, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं हक्काचं उत्पन्न म्हणजे परीक्षेचं शुल्क. आपल्याकडे पुढे विद्यापीठांनी स्वतःचे विभाग काढले, प्रयोगशाळा उभारल्या, पण संलग्न महाविद्यालयांकडून येणारा पैशाचा हा जुना पाट कधी आटला नाही. आजही कुठल्याही मोठ्या संलग्नक विद्यापीठाचा अर्थसंकल्प उघडा: शासनाचं अनुदान, आणि त्याच्या शेजारी परीक्षा, संलग्नता, नोंदणी, पदवीप्रमाणपत्र अशी शुल्कांची रांग दिसेल.

म्हैसूर संस्थानातली महाविद्यालयं आधी मद्रास विद्यापीठाला जोडलेली होती. आपल्या मुलांच्या पदव्या परक्या प्रांताने द्याव्यात हे चौथे कृष्णराज वडियार आणि त्यांचे दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना खटकत होतं. हे विश्वेश्वरय्या म्हणजे पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या नोकरीत खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडणारे दरवाजे बसवणारे. तेव्हा पुणेकरांनी त्यांच्यावर थोडा हक्क सांगायला हरकत नाही. त्यांनी विद्यापीठं कशी चालतात ते पाहायला सी. आर. रेड्डी आणि टॉमस डेनम यांना परदेशी धाडलं, आणि 27 जुलै 1916 रोजी म्हैसूर विद्यापीठ सुरू झालं. ब्रिटिशांच्या थेट अमलाबाहेर निघालेलं हे देशातलं पहिलं विद्यापीठ. पहिले कुलगुरू एच. व्ही. नंजुंडय्या. हाताशी मुख्य महाविद्यालयं दोन: म्हैसूरचं महाराजा कॉलेज आणि बेंगळूरचं सेंट्रल कॉलेज.

दोन महाविद्यालयांपासून ते वाढत वाढत सगळ्या जुन्या म्हैसूर मुलखाचं विद्यापीठ झालं. 1960 साली कुक्करहळ्ळी तलावापलीकडे नवा परिसर उभा राहिला. कुलगुरू असलेल्या कवी कुवेंपूंनी त्याला मानसगंगोत्री हे नाव दिलं. वैद्यकीय, अभियांत्रिकी, विधी, सगळ्यांच्या परीक्षा इथून होत. या विस्ताराच्या काळात माणसंही भराभर भरली गेली. पंचविशीत लागलेला व्याख्याता, विशीत लागलेला कारकून, प्रयोगशाळेतला परिचर. त्यांना शासनाच्या नियमांप्रमाणे पेन्शन लागू होती.

मग वाटण्या सुरू झाल्या.

1964 साली बेंगळूर विद्यापीठ वेगळं झालं आणि सेंट्रल कॉलेजच तिकडे गेलं. 1980 साली मंगळूर. 1987 साली शिमोग्याकडचं कुवेंपू विद्यापीठ. 1969 पासून टपालाने चालणारे अभ्यासक्रम म्हैसूर विद्यापीठाने वाढवले होते. वर्गखोल्या न लागता राज्यभरातून शुल्क यावं असं ते खातं. 1996 साली त्याचं कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ झालं. त्याच वर्षी वैद्यकीय महाविद्यालयं बेंगळूरच्या राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठाकडे गेली. 1998 साली राज्यातली अभियांत्रिकी महाविद्यालयं बेळगावात निघालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाला जोडली गेली. ज्या दिवाणाने म्हैसूरला विद्यापीठ दिलं, त्याच्याच नावाच्या विद्यापीठाने म्हैसूरचं अभियांत्रिकीचं उत्पन्न उचलून नेलं, हा योगायोग मला फार गमतीचा वाटतो. आणि अलीकडे, 2022-23 मध्ये, कर्नाटकाने एकदम नवी विद्यापीठं काढली तेव्हा हासन, चामराजनगर आणि मंड्या हे तीन जिल्हेही निसटले.

यातल्या प्रत्येक वाटणीमागे काही ना काही चांगलं कारण होतं. चामराजनगरच्या डोंगराळ भागातल्या मुलीला गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त करायला म्हैसूर गाठावं लागू नये, हे कारण तर अगदी रास्त. पण दर वेळी एकच गोष्ट घडली. महाविद्यालयं नव्या विद्यापीठाकडे गेली, त्यांच्याबरोबर शुल्क गेलं, आणि जुन्या विद्यापीठाने नेमलेली माणसं व त्यांची पेन्शन जिथे होती तिथेच राहिली. भावाभावांनी शेत वाटून घ्यावं, बागायत ज्याची त्याने न्यावी आणि म्हातारे आईवडील मात्र जुन्या घरात थोरल्याच्या वाट्याला यावेत, तसं.

आकड्यांत हे किती मोठं असतं त्याचा अंदाज घेऊ. हे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, कुठल्या ताळेबंदातले नाहीत. समजा एक विद्यार्थी दोन सत्रांचं मिळून वर्षाला 3 हजार रुपये परीक्षा शुल्क देतो, आणि एका निवृत्ताला महिना 50 हजार, म्हणजे वर्षाला 6 लाख पेन्शन आहे. मग त्या एका माणसाच्या वर्षाच्या पेन्शनीला 200 विद्यार्थ्यांचं सगळं परीक्षा शुल्क लागतं. प्रश्नपत्रिका छापायच्या, पर्यवेक्षकांना आणि परीक्षकांना मानधन द्यायचं, तो खर्च यात धरलेलाच नाही. असे हजार निवृत्त असतील तर 2 लाख विद्यार्थी हवेत. तीन जिल्ह्यांची महाविद्यालयं एका कायद्याने उठून गेली तर काय होतं, ते आता वेगळं सांगायला नको.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पेन्शन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुठेतरी साठवलेली रक्कम येते. माणसाने तीस वर्षं नोकरी केली, त्याच्या नावाने काहीतरी बाजूला पडत गेलं, आता तेच परत मिळतंय. भविष्यनिर्वाह निधीचं असं असतं. जुन्या पेन्शनीचं नसतं. तिथे पेटी नाही, पेटीत पैसेही नाहीत. यंदाच्या मिळकतीतून यंदाची पेन्शन द्यायची, एवढीच व्यवस्था. सरकारचं हे निभतं, कारण सरकारला कर लावता येतो. विद्यापीठाला कर लावता येत नाही. त्याच्या हातात शुल्क आणि अनुदान एवढंच. शुल्क किती असावं यावर सरकारची नजर, अनुदान किती मिळावं हे सरकारच्या मर्जीवर, नव्या जागा भरायच्या की नाहीत हेही सरकारच ठरवणार. पेन्शनसाठी पुरेसं अनुदान द्यायचं सोडून ‘तुमच्या अंतर्गत स्रोतांतून भागवा’ असं वरून सांगितलं जातं, तेव्हा ते अंतर्गत स्रोत म्हणजे फिरून मुलांचं शुल्कच असतं.

शिवाय पेन्शन हे वचन किती लांबचं असतं याची आपल्याला कल्पना नसते. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 साली संपलं. त्या युद्धातला एक सैनिक मोझ ट्रिपलेट. त्याला उतारवयात झालेली मुलगी आयरीन हिला वडिलांच्या लष्करी सेवेपोटी महिना 73 डॉलर 13 सेंट मिळत असत. ती 2020 साली वारली, तोवर मिळत राहिले. युद्ध संपल्यावर 155 वर्षं!

आपल्या इतिहासात तर याहून नाट्यमय पेन्शन आहे. 1818 साली दुसऱ्या बाजीरावाने ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी माल्कम याच्यापुढे शरणागती पत्करली आणि माल्कमने त्याला वर्षाला 8 लाख रुपये कबूल केले. गव्हर्नर जनरलला रक्कम जास्त वाटली. पण तेव्हा 43 वर्षांचा असलेला बाजीराव बिठूरला जाऊन पंचाहत्तरी ओलांडेपर्यंत जगला. 1851 साली तो गेला तेव्हा कंपनीने अडीच कोटींच्या वर रक्कम मोजलेली होती. पेन्शन ठरवणाऱ्याची सगळ्यात मोठी जोखीम म्हणजे समोरचा माणूस किती जगेल हे ठाऊक नसणं. विमा कंपन्यांचे गणिती आज ज्याच्यावर पोट भरतात तो प्रश्न बिठूरने कंपनी सरकारला फुकट शिकवला. बाजीराव गेल्यावर त्याचा दत्तक मुलगा नानासाहेब याने पेन्शन मागितली. कंपनीचं उत्तर: ती बाजीरावाच्या हयातीपुरती होती, वारसाला हक्क नाही. नानासाहेबाने अझीमुल्ला खानाला थेट लंडनला पाठवलं, उपयोग झाला नाही. पुढचं 1857 सगळ्यांना माहीत आहे. म्हैसूरलाही हे नवं नव्हतं. 1831 साली इंग्रजांनी कारभार काढून घेतल्यावर तिसरे कृष्णराज वडियार राजवाड्यात असूनही ठरावीक नेमणुकीवरच होते.

कंपनीच्या लेखी पेन्शन ही देणाऱ्याची कृपा होती. ही समजूत आपल्या कायद्यातून पुसली जायला 1982 उजाडावं लागलं. डी. एस. नाकरा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी 17 डिसेंबर 1982 रोजी निकाल दिला, त्या पिठाचे प्रमुख होते पुण्यात जन्मलेले सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड; व्ही. डी. तुळजापूरकरही त्यात होते. निकाल लिहिला डी. ए. देसाई यांनी. प्रश्न असा होता: 31 मार्च 1979 रोजी किंवा त्यानंतर निवृत्त झालेल्यांना सुधारित पेन्शन आणि त्याआधी निवृत्त झालेल्यांना जुनीच, असं चालेल का? न्यायालय म्हणालं, चालणार नाही. पेन्शन हे दान नाही, मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली गोष्टही नाही. केलेल्या सेवेतून निर्माण झालेला तो हक्क आहे. 17 डिसेंबर हा दिवस देशभरचे निवृत्त आजही पेन्शनर दिन म्हणून पाळतात.

हक्क झाला, हे उत्तमच. पण पैसा कुणाच्या तिजोरीतून यायचा हा प्रश्न त्या निकालापुढे नव्हता. तिथे वादी केंद्र सरकारचा पेन्शनर होता, तिजोरीबद्दल शंकाच नव्हती. विद्यापीठ स्वायत्त आहे, पण कर लावू शकत नाही, आणि त्याच्या निवृत्तांचा हक्क मात्र सरकारी माणसाच्या हक्काइतकाच पक्का आहे. म्हैसूरची अडचण नेमकी या फटीत आहे. महाराष्ट्रात अनुदानित महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांची पेन्शन शासनाच्या कोषागारातून निघते. 2004 साली सोलापूर विद्यापीठ कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठापासून वेगळं झालं, 2011 साली गोंडवाना नागपूरपासून. त्या महाविद्यालयांतल्या निवृत्तांना महिन्याची तारीख बदलल्याचं जाणवायचं कारण नव्हतं.

आता शुल्काकडे. शुल्क वाढवून पेन्शन भागवावी, हा उपाय कागदावर सोपा दिसतो. पण कर्नाटकात उच्च शिक्षणाच्या शुल्काचा इतिहास इतका गाजलेला आहे की देशातला शुल्काचा कायदा बराचसा याच राज्यातल्या खटल्यांनी घडवला. देणगी घेऊन प्रवेश देण्यावर कर्नाटकाने 1984 साली बंदीचा कायदा केला, महाराष्ट्राने तसाच कायदा थोड्याच वर्षांत केला. मग 1989 साली कर्नाटक सरकारने खासगी वैद्यकीय महाविद्यालयांचे दर ठरवून दिले: सरकारी जागेवरच्या विद्यार्थ्याला वर्षाला 2 हजार, त्याव्यतिरिक्त कर्नाटकातल्या विद्यार्थ्याला 25 हजारांपर्यंत, बाहेरच्याला 60 हजारांपर्यंत. एकच वर्ग, एकच प्रेत, एकच शवविच्छेदनाची टेबलं, आणि शेजारी शेजारी बसलेल्या तिघांपैकी एकाने भरलेलं शुल्क दुसऱ्याच्या तीसपट! मेरठच्या मोहिनी जैन यांना तुमकूरच्या महाविद्यालयाने 60 हजार मागितले. त्या न्यायालयात गेल्या आणि 1992 साली सर्वोच्च न्यायालयाने ही रचना मोडीत काढली. पुढच्या वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात फुकट जागा आणि पैशाच्या जागा अशी योजना आली. 2002 साली मणिपालच्या टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी तीही बाजूला सारली. संस्थेला वाजवी शिल्लक ठेवता येईल, नफेखोरी करता येणार नाही, असं ठरलं. 2005 साली पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात त्याची आणखी उकल झाली.

हा सगळा न्यायालयीन खटाटोप डॉक्टर-इंजिनिअरांच्या शुल्काचा. आणि तीच महाविद्यालयं म्हैसूर विद्यापीठाच्या हातून केव्हाच गेलेली. त्याच्याकडे उरले बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. यांचे विद्यार्थी, म्हणजे शेतमजुराची, रिक्षावाल्याची, रेशमाच्या धंद्यात राबणाऱ्यांची मुलं. त्यांचं शुल्क वाढवायला सरकार कचरतं, आणि कचरावंच. उलट आज राज्यांचा कल शुल्क माफ करण्याकडे आहे. महाराष्ट्राने 2024-25 पासून वर्षाला 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक गटांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलं. मुलींसाठी हे किती मोलाचं आहे ते सांगायची गरज नाही. फक्त एक लक्षात घ्यायचं: माफ झालेलं शुल्क शासन वेळेवर भरून देतं तोवर ती माफी असते. ते थकलं की ती संस्थेवरची उधारी होते.

दुसऱ्या टोकाला बेळगावचं तंत्रविद्यापीठ पाहा. राज्यभरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांचं शुल्क एका ठिकाणी, आणि 1998 साली जन्मलेलं असल्यामुळे जुने निवृत्त जवळपास नाहीत. तिथे ठेवी एवढ्या साचल्या की प्राप्तिकर खात्याची नजर त्यांच्यावर गेली. एकाच राज्यात, एकाच उच्च शिक्षण धोरणाखाली, एका विद्यापीठाला पैसा कुठे ठेवू असं झालं आणि दुसऱ्याला तो कुठून आणू असं. दोघांपैकी कुणी फार हुशारी केली किंवा फार गलथानपणा केला म्हणून नव्हे (गलथानपणा असेलही, तो कुठे नसतो). मुख्यतः वाटणीची रेघ कुठून गेली म्हणून.

जुन्या पेन्शनची ही रांग आता पुढे वाढत नाही. कर्नाटकाने 1 एप्रिल 2006 नंतर नोकरीत येणाऱ्यांना राष्ट्रीय पेन्शन योजना लावली. केंद्राने 1 जानेवारी 2004 पासून, महाराष्ट्राने 1 नोव्हेंबर 2005 पासून. तिथे खरोखरच खातं असतं. कर्मचारी आपला वाटा टाकतो, मालक आपला, आणि पैसा बाजारात गुंतवला जातो. निवृत्तीनंतर किती मिळेल याची हमी जुन्या योजनेसारखी नाही, म्हणूनच तिच्याविरुद्ध एवढे मोर्चे निघतात. पण मार्च 2006 मध्ये पंचविशीत लागलेला शेवटचा माणूस धरा. तो 2041 च्या आसपास निवृत्त होईल, नव्वदीपर्यंत जगला तर 2071, आणि त्याच्यामागे त्याच्या पत्नीला कौटुंबिक पेन्शन. म्हणजे विश्वेश्वरय्यांनी 1916 साली मांडलेल्या घराचं हे देणं 2070 च्या दशकातही फिटत असेल. विद्यापीठाचे कुलगुरू तीन-चार वर्षांसाठी येतात, सरकारं पाच वर्षांसाठी.

आणि आज वर्गात कोण शिकवतं? रिकाम्या जागा न भरता वर्षानुवर्षं अतिथी व्याख्याते नेमले जातात. आपल्याकडे तासिका तत्त्वावरचे, तसे तिकडचे. त्यांच्या शिकवण्यावर मुलं येतात, मुलं शुल्क भरतात, त्या शुल्कातून जुन्यांची पेन्शन जाते. त्यांना स्वतःला ना जुनी योजना, ना नवी. निवृत्त आणि अतिथी यांना एकमेकांसमोर उभं करायचं नाही, दोघांचंही म्हणणं खरं आहे. पण पैसा कोणत्या वाटेने वाहतो हे पाहायचं तर हा मुक्काम टाळता येत नाही.

सीमाभागातल्या वाचकांना हे लांबचं वाटू नये. बेळगावची कला-वाणिज्य महाविद्यालयं कित्येक दशकं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती. 2010 साली बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठ निघालं आणि बेळगावसह विजापूर, बागलकोट त्याच्याकडे गेले. धारवाडच्या निवृत्तांनाही पुढे पेन्शनसाठी झगडावं लागलं. मग 2022-23 च्या नव्या लाटेत बागलकोटला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं, म्हणजे राणी चन्नम्मा विद्यापीठ तेरा वर्षांत स्वतःच ‘जुनं’ झालं.

2025 च्या सुरुवातीला कर्नाटकात उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांच्या अध्यक्षतेखालच्या मंत्रिमंडळ उपसमितीने या नव्या दहापैकी नऊ विद्यापीठं बंद करून मूळ विद्यापीठांत विलीन करावीत अशी भूमिका घेतली. त्यावर लगेच आरडाओरड झाली. जिल्ह्याला मिळालेलं विद्यापीठ परत द्यायला कोण तयार होईल? मला स्वतःला विलीनीकरण हा आळशी उपाय वाटतो. चामराजनगरच्या मुलीची सोय काढून घेऊन म्हैसूरच्या आजोबांची पेन्शन भागवणं म्हणजे पुन्हा या दोघांनाच आपसांत हिशेब करायला लावणं. आणि त्याची गरजही नाही, कारण वाटणी करताना देणं कसं वाटायचं, ही विद्या आपल्या राज्यकर्त्यांना नवी नाही. 1956 साली बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं तेव्हाच्या राज्य पुनर्रचना कायद्यात निवृत्तांच्या पेन्शनचा भार कुणी किती उचलायचा याची तरतूद होती. 1960 साली मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले तेव्हाही होती. 2014 साली आंध्र आणि तेलंगण वेगळे झाले तेव्हाच्या कायद्यात तर पेन्शनच्या वाटपासाठी एक अख्खं परिशिष्ट आहे, आणि वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात आहे. राज्य मोडताना जो मजकूर न चुकता लिहिला जातो, तो विद्यापीठ मोडतानाही लिहिता येतो: जितके विद्यार्थी न्याल, तितक्या निवृत्तांचा भारही न्या, नाहीतर तो भार राज्याच्या कोषागाराने उचलावा. कर्नाटकाच्या विधिमंडळाला त्यासाठी लागतील फार तर चार ओळी.